संत आर्नोल्ड यान्सेन : देवशब्द मिशनसंघाचे संस्थापक



आपल्या धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी देवाने आपल्या वाडवडिलांवर व आपल्यावर जे अगणित उपकार केले त्यांचे स्मरण करणे हे आपले पहिले कर्तव्य होय. परंतु हे स्मरण करीत असता एक गोष्ट सहज विसरली जाते. ज्या श्रद्धेचा आज आपण उत्सव करीत आहोत ती आपल्या घरी आपोआप उगवली नाही. कोणीतरी आपले घरदार व मायदेश सोडून ती आपल्या पूर्वजांच्या दारी आणून दिली. जो आला त्याचे नाव कधीकधी आपल्या स्मरणात राहते. पण त्याला ज्याने तयार केले, ज्याने पाठविले, ज्याने त्याच्या प्रवासखर्चाची तजवीज केली आणि त्याच्यासाठी रात्रंदिवस गुडघे टेकले, त्याचे नाव आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते.

अशा पाठविणाऱ्यांपैकी एका थोर पुरुषाचे चरित्र या स्मरणिकेत आपल्यापुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे. त्या पुरुषाने आपल्या सबंध आयुष्यात एकाही दूरच्या मिशनभूमीवर पाऊल ठेवले नाही. तरी त्याने पाठविलेली माणसे त्याच्या हयातीतच आशिया, आफ्रिका, अमेरिका व ओशनिया या खंडांत पोहोचली होती. त्या पुरुषाचे नाव संत आर्नोल्ड यान्सेन.

बालपण व विद्याभ्यास

जर्मनीच्या पश्चिम सीमेवर, ऱ्हाइन नदीच्या खालच्या खोऱ्यात, हॉलंडच्या हद्दीला लागून गोख नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथे ता. ५ नोव्हेंबर १८३७ रोजी आर्नोल्डचा जन्म झाला. वडील गेरहार्ड हे थोडीशी शेती करीत आणि घोडागाडीतून मालाची नेआण करून आपल्या मोठ्या कुटुंबाचा चरितार्थ चालवीत. घरात श्रीमंती नव्हती, परंतु प्रार्थनेची मात्र कधी उणीव पडली नाही. आई आना काथारिना ही अत्यंत प्रार्थनाशील बाई होती. वडिलांची पवित्र त्रैक्यावर व विशेषेकरून पवित्र आत्म्यावर मोठी भक्ती असे. संत योहानाच्या शुभवर्तमानाचा आरंभीचा भाग, ज्यात आदिशब्दाचे व त्या शब्दाच्या देहधारणेचे वर्णन आहे, तो त्या घरातील मुलांच्या कानांवरून वारंवार जात असे. पुढे आर्नोल्ड यांनी आपल्या संघाला देवशब्दाचे नाव दिले आणि भगिनींच्या संस्थेला पवित्र आत्म्याचे. आईबापांनी मुलांच्या अंतःकरणात जे पेरले ते केव्हा व कोठे उगवेल हे त्यांना स्वतःलाही ठाऊक नसते!

आर्नोल्ड बुद्धीने हुशार होता, परंतु कोणाच्या डोळ्यांत भरावे असे त्याच्या ठायी काही नव्हते. अंगाने तो किरकोळ, स्वभावाने मितभाषी आणि चिकाटीने काम करणारा होता. प्राथमिक शिक्षणानंतर जवळच्या एका धर्मप्रांतीय विद्यालयात त्याचा अभ्यास झाला. पुढे म्युन्स्टर व बॉन येथे त्याने गणित व निसर्गशास्त्रे यांचे अध्ययन केले आणि अध्यापकाची परीक्षा उत्तीर्ण केली. त्यानंतर धर्मशास्त्राचा अभ्यासक्रम पुरा करून ता. १५ ऑगस्ट १८६१ रोजी, पवित्र मारियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणादिवशी, त्याने म्युन्स्टर येथे गुरुदीक्षा घेतली. त्या वेळी त्याचे वय अवघे तेवीस वर्षांचे होते.

बारा वर्षे शाळेत

गुरुदीक्षेनंतर बिशपांनी फादर आर्नोल्ड यांची नेमणूक बोखोल्ट या गावच्या विद्यालयात केली. तेथे त्यांनी सुमारे बारा वर्षे गणित व निसर्गशास्त्रे हे विषय शिकविले. विद्यार्थी त्यांना थोडे भीत असत. कारण ते कडक होते. मात्र ते कोणावर अन्याय करीत नसत, हेही विद्यार्थ्यांना पक्के ठाऊक होते. अशा शिक्षकांची आयुष्ये पुष्कळदा फळ्यावरील आकड्यांतच संपून जातात, आणि त्यात कमीपणा काहीच नाही. परंतु देवाला या गणितशिक्षकाकडून दुसरा हिशेब मांडून घ्यावयाचा होता.

येशूच्या पवित्र हृदयाच्या भक्तीचा प्रसार करणाऱ्या प्रार्थनासंघाचे त्यांना म्युन्स्टर धर्मप्रांतासाठी संचालक नेमण्यात आले. सुट्टी लागली की इतर शिक्षक विश्रांतीसाठी जात. फादर आर्नोल्ड गावोगाव हिंडत, तेथील धर्मगुरूंना भेटत आणि लोकांची नावे प्रार्थनासंघात दाखल करून घेत. जर्मनीतील ख्रिस्ती लोक कॅथलिक व प्रोटेस्टंट असे दुभंगलेले पाहून त्यांचे अंतःकरण कळवळत असे, आणि त्यांच्या ऐक्यासाठी प्रार्थना करण्यास ते सर्वांना उत्तेजन देत. अशा रीतीने प्रार्थना करता करता त्यांची दृष्टी प्रथम आपल्या धर्मप्रांताबाहेर, मग आपल्या देशाबाहेर आणि शेवटी सबंध जगाकडे वळली. प्रार्थनेचा हा स्वभावच आहे. जो मनःपूर्वक प्रार्थना करतो त्याचे अंगण हळूहळू मोठे होत जाते.

इ. स. १८७३ मध्ये त्यांनी शाळेतील नोकरीचा राजीनामा दिला आणि केंपन या गावी उर्सुलाइन भगिनींच्या मठात ते धर्मगुरू म्हणून राहू लागले. जानेवारी १८७४ पासून त्यांनी एक लहानसे मासिक काढले. येशूच्या पवित्र हृदयाचा छोटा निरोप्या असा त्याच्या नावाचा अर्थ होतो. दूरदूरच्या देशांतील मिशनकार्याची हकीकत सोप्या भाषेत सामान्य लोकांना सांगावी, हा त्याचा उद्देश होता. मराठी कॅथलिक वाचकांना हे नाव ओळखीचे वाटल्याशिवाय राहणार नाही. १९०३ साली आपल्याकडे जर्मन येशूसंघीय फादर हेन्री डोरिंग यांनी जे मराठी मासिक सुरू केले त्याचेही नाव 'निरोप्या' असेच आहे. या दोन मासिकांचे संस्थापक निरनिराळ्या संघांचे, आणि त्यांची क्षेत्रेही निराळी. तरी छापलेला कागद धर्मगुरूच्या पायांपेक्षा दूर चालत जातो, हे दोघांनीही ओळखले होते.

पडझडीचा काळ

आता त्या काळी जर्मनीत काय परिस्थिती होती हे थोडक्यात सांगणे अवश्य आहे. त्यावाचून फादर आर्नोल्ड यांच्या धाडसाची किंमत कळणार नाही.

१८७१ साली जर्मन साम्राज्याची स्थापना झाली आणि चॅन्सेलर बिस्मार्क यांनी कॅथलिक धर्मसभेला सरकारच्या ताब्यात आणण्याचा चंग बांधला. १८७२ साली येशूसंघाला देशातून घालवून देण्यात आले. १८७३ च्या मे महिन्यातील कायद्यांनी धर्मगुरूंचे शिक्षण व नेमणुका यांवर प्रशियाच्या सरकारची सत्ता बसविली. जे बिशप हे कायदे मानीनात त्यांना दंड झाले व तुरुंगवास घडला. कोलोनचे आर्चबिशप मेल्खर्स यांना १८७४ साली तुरुंगात जावे लागले. १८७५ साली प्रशियातील बहुतेक मठांवर गदा आली. कित्येक गावी मिस्सा अर्पण करण्यास धर्मगुरू उरला नाही.

असल्या दिवसांत एक चाळिशीकडे झुकलेला गणितशिक्षक उठतो आणि म्हणू लागतो की, जर्मन कॅथलिकांनी परदेशी मिशनसाठी धर्मगुरू तयार करणारे घर बांधले पाहिजे! फ्रान्समध्ये पॅरिस येथे, इटलीत मिलान येथे, इंग्लंडात मिल हिल येथे अशी मिशनगृहे होती. जर्मनीत मात्र एकही नव्हते. फादर आर्नोल्ड यांचे म्हणणे असे की, ज्या धर्मगुरूंना आपल्या देशात काम करण्याची बंदी झाली आहे त्यांनी परदेशी जावे, अथवा निदान जाणाऱ्यांना तयार तरी करावे. प्रारंभी हे काम आपण स्वतः करावे असे त्यांच्या मनात नव्हते. दुसरा कोणीतरी अधिक योग्य पुरुष पुढे येईल, आपण मासिकातून त्याला साहाय्य करू, एवढीच त्यांची कल्पना होती.

१८७४ साली हाँगकाँगचे मिशनप्रमुख रायमोंडी हे युरोपात आले असता फादर आर्नोल्ड त्यांना भेटावयास गेले. दुसऱ्या कोणाचे नाव सुचविण्याऐवजी रायमोंडी यांनी हे काम तुम्हीच हाती घ्या असे त्यांना सुचविले. फादर आर्नोल्ड विचारात पडले. त्यांच्यापाशी पैसा नव्हता. त्यांना वक्तृत्व साधत नव्हते. मोठ्या लोकांत त्यांची ओळख नव्हती. पुष्कळ धर्मगुरूंना हा मनुष्य या कामास अगदी अयोग्य वाटला. धर्मसभेची जुनी घरे कोसळत असता हा नवे घर बांधण्याच्या गोष्टी बोलतो, याचे बिशपांनाही आश्चर्य वाटले. हा एकतर वेडा असावा नाहीतर संत, असे लोक म्हणू लागले. फादर आर्नोल्ड यांनी मात्र असा विचार केला की, इतके काही कोसळत आहे त्या अर्थी देव आपल्या श्रद्धेची परीक्षा पाहत आहे आणि काही नवे करण्यास आपणाला बोलावीत आहे. त्यांनी दीर्घकाळ प्रार्थना केली, सल्ला घेतला, बिशपांची संमतिपत्रे एकामागून एक मिळविली आणि मगच पाऊल उचलले.

नदीकाठची जुनी खाणावळ

जर्मनीत हे घर उघडणे अशक्य होते. म्हणून त्यांनी सरहद्दीपलीकडे, हॉलंडमध्ये, मास नदीच्या काठी असलेल्या स्टाइल या खेड्यात एक जुनी खाणावळ विकत घेतली. ता. ८ सप्टेंबर १८७५ रोजी, पवित्र मारियेच्या जन्माच्या सणादिवशी, त्या पडक्या घरात मिशनगृहाचे उद्घाटन झाले. संत मुख्यदेवदूत मिखाएल याच्या आश्रयाखाली ते घर ठेवण्यात आले.

त्या घरातील दारिद्र्याचे काय वर्णन करावे! फादर आर्नोल्ड यांचा भाऊ विल्हेल्म हा कपुचिन पंथात बंधू जुनिपर या नावाने राहत असे. तो या नव्या घरी येऊन स्वयंपाक व घरकाम पाहू लागला. जेवणाची ताटे मोजकी होती, आणि उद्याचा पैसा आज हाती नसे. दारिद्र्य सोसवले, परंतु मनभेद सोसवणे अधिक कठीण गेले. संघाचा उद्देश कोणता असावा, नियम किती कडक असावेत, यांवरून पहिल्या सोबत्यांमध्ये मतभेद झाले आणि वर्ष पुरे होण्यापूर्वीच त्यांपैकी काहीजण घर सोडून गेले. लोकांच्या भाकिताप्रमाणे हे काम येथेच संपावयाचे होते. पण ते संपले नाही. फादर आर्नोल्ड राहिले, त्यांच्याबरोबर थोडे लोक राहिले, आणि हळूहळू नवे विद्यार्थी येऊ लागले.

घर उघडून पाच महिने झाले नाहीत तोच, जानेवारी १८७६ मध्ये, त्यांनी तेथे छापखाना सुरू केला. खाण्यास पुरेसे नसताना छपाईचे यंत्र आणणे हे पुष्कळांना विलक्षण वाटले असेल. परंतु फादर आर्नोल्ड यांचा हिशेब सरळ होता. लोकांना मिशनची खबर नाही तर ते प्रार्थना कशी करणार? आणि प्रार्थना करणार नाहीत तर दान कसे देणार व आपले मुलगे कसे पाठविणार? पहिल्या मासिकाच्या जोडीला १८७८ पासून एक सचित्र मासिक निघू लागले, आणि पुढे संत मिखाएलच्या नावाचे पंचांगही घरोघर जाऊ लागले. ही मासिके टपालाने जात त्याहूनही अधिक माणसांच्या हातून जात. हजारो साध्या स्त्रीपुरुषांनी आपापल्या गावी दारोदार फिरून ती वाटली आणि वर्गणीचे पैसे गोळा करून धाडले. स्टाइलची मोठमोठी घरे अशा चिल्लर नाण्यांवर उभी राहिली. कोणा एका धनिकाच्या देणगीपेक्षा हजार गरिबांच्या दमडीत अधिक प्रार्थना असते, हे आपल्या धर्मग्रामातील वडीलधाऱ्यांना नव्याने सांगावयास नको.

पुढे छापखान्यात, शेतीत, बांधकामात व कारखान्यांत काम करण्यासाठी अनेक व्रतस्थ बंधू संघात आले. धर्मगुरू व बंधू यांनी मिळून एकच संघ असावा अशी फादर आर्नोल्ड यांनी योजना केली. संघाची पहिली महासभा १८८४ ते १८८६ या वर्षांत भरली, आणि देवशब्द संघ (एस. व्ही. डी.) या नावाने तो ओळखला जाऊ लागला.

चीन देशी

ता. २ मार्च १८७९ रोजी, म्हणजे घर उघडल्यावर साडेतीन वर्षांतच, पहिले दोन मिशनरी चीनकडे निघाले. एक योहान बाप्टिस्ट आन्झर व दुसरे योसेफ फ्राइनाडेमेट्स. दोघेही तिशीच्या आतले होते. हाँगकाँग येथे काही काळ काढून भाषा व काम शिकल्यावर त्यांना शांतुंग प्रांताच्या दक्षिण भागात पाठविण्यात आले. त्या विस्तीर्ण मुलुखात त्या वेळी सगळे मिळून १५८ ख्रिस्ती लोक होते.

फादर फ्राइनाडेमेट्स हे दक्षिण टिरोलमधील डोंगरी शेतकऱ्याचे पुत्र. प्रारंभी त्यांनाही चिनी लोकांचे रीतिरिवाज विचित्र वाटले. परंतु वर्षे लोटली तसे त्यांचे मन पालटले. ते पायी गावोगाव हिंडले, तेथील भाषा बोलू लागले, धर्मशिक्षकांसाठी पुस्तके लिहू लागले आणि शेवटी त्या लोकांपैकीच एक होऊन गेले. १९०८ च्या जानेवारीत विषमज्वराची साथ आली तेव्हा आजाऱ्यांची सेवा करता करता त्यांनाच तो ज्वर झाला व ता. २८ रोजी त्यांचा अंत झाला. जिवंतपणी ते मायदेशी परतले नाहीत. त्यांच्या व त्यांच्या सोबत्यांच्या श्रमांचे फळ इतके मोठे आले की, त्याच शांतुंग प्रांतात जन्मलेले व पुढे देवशब्द संघात आलेले थॉमस तिएन हे १९४६ साली चीनचे पहिले कार्डिनल झाले.

परंतु सत्य सांगावयाचे तर या कार्यावर एक गडद छायाही पडली, आणि ती झाकून ठेवणे संताच्या चरित्राला शोभणार नाही. बिशप झालेल्या आन्झर यांनी आपल्या मिशनला जर्मन सरकारचे संरक्षण घेतले. ता. १ नोव्हेंबर १८९७ च्या रात्री संघाचे दोन धर्मगुरू, फादर निस व फादर हेन्ले, यांचा शांतुंगमध्ये खून झाला. जर्मन बादशहाने त्याचे निमित्त करून दोन आठवड्यांच्या आत आपले आरमार पाठवून किआउचाउचे बंदर बळकावले. धर्मगुरूंचे रक्त राजकारणाच्या कामी आले, आणि चिनी लोकांच्या मनात ख्रिस्ती धर्म व परकी तोफा यांची गाठ अधिकच घट्ट बसली. आन्झर यांच्या कारभाराविषयीच्या तक्रारींनी फादर आर्नोल्ड यांना कित्येक वर्षे काळजीत टाकले. आपल्या काळाच्या समजुतींपलीकडे पाहणे त्यांनाही सर्वस्वी साधले असे म्हणता येणार नाही. जर्मन वसाहत असलेल्या टोगो देशात त्यांनी १८९२ साली मिशनरी पाठविले. पहिल्या महायुद्धात जर्मनीने ती वसाहत गमावली आणि त्या मिशनऱ्यांनाही देश सोडावा लागला. तेथील लोकांची श्रद्धा मात्र टिकली. राजाच्या छत्राखाली गेलेले राजाबरोबर परत येते, ख्रिस्ताच्या क्रूसाखाली पेरलेले राहते, हा धडा धर्मसभेला अशा कडू अनुभवांतून शिकावा लागला.

स्वयंपाकघरातील कुमारिका

फादर आर्नोल्ड यांच्या कार्यात स्त्रियांचा वाटा किती मोठा होता ते आता सांगतो. १८८२ सालच्या अखेरीस हेलेना स्टोलेनवेर्क नावाची एक शेतकरी कन्या स्टाइल येथे आली. लहानपणापासून चीनमध्ये जाऊन तेथील टाकलेल्या बालकांची सेवा करण्याची तिची इच्छा होती. परंतु भगिनींची संस्था अजून नव्हती. तेव्हा ती मिशनगृहाच्या स्वयंपाकघरात मोलकरीण म्हणून राहिली. सुमारे एका वर्षाने हेन्ड्रिना स्टेनमान्स ही दुसरी कुमारिका तिला येऊन मिळाली. भांडी घासणे, कपडे धुणे, शेकडो माणसांचा स्वयंपाक करणे हेच त्यांचे काम. फादर आर्नोल्ड सावकाश चालणारे होते. देवाची इच्छा स्पष्ट दिसल्यावाचून ते पुढे सरकत नसत. त्या कुमारिकांनी एक नव्हे, दोन नव्हे, सात वर्षे वाट पाहिली.

शेवटी ता. ८ डिसेंबर १८८९ रोजी, पवित्र मारियेच्या निष्कलंक गर्भसंभवाच्या सणादिवशी, पवित्र आत्म्याच्या मिशनरी सेविकांची संस्था स्थापन झाली. १८९५ साली पहिल्या भगिनी आर्जेन्टिनाला गेल्या. पुढच्याच वर्षी, ता. ८ डिसेंबर १८९६ रोजी, फादर आर्नोल्ड यांनी काही भगिनींना निवडून मठवासी शाखा सुरू केली. मिशनकार्यासाठी पवित्र साक्रामेंतासमोर अखंड आराधना करणे हे तिचे काम. मदर मारिया हेलेना यांनाही या मठवासी शाखेत जाण्यास सांगण्यात आले. चीनला जाण्याचे त्यांचे जन्माचे स्वप्न कायमचे मावळले. त्यांनी ते स्वप्न वेदीवर ठेवले आणि ता. ३ फेब्रुवारी १९०० रोजी स्टाइल येथेच देह ठेवला. ज्यांना जावयाचे होते त्या गेल्या नाहीत, पण त्यांच्यामुळे शेकडो गेल्या. मदर मारिया हेलेना यांना १९९५ साली व मदर योसेफा (हेन्ड्रिना) यांना २००८ साली धर्मसभेने धन्यवादित म्हणून जाहीर केले.

स्वभाव व अंत

फादर आर्नोल्ड यांचा स्वभाव गोड होता असे कोणी म्हटलेले नाही. ते काटेकोर, अबोल व शिस्तीचे कडक होते. दूरच्या मिशनऱ्यांना लिहिलेल्या त्यांच्या पत्रांत बारीकसारीक सूचनांची व हिशेबांची रेलचेल असे, आणि ती वाचून कित्येकांची मने दुखावत. संतपद हा जन्मजात गोडव्याचा दाखला नव्हे. देवाने दिलेला स्वभाव देवाच्याच कामी झिजविणे, यात पुण्य आहे. घड्याळाचा दर पाव तासाचा टोला पडला की हातचे काम थांबवून श्रद्धा, आशा व प्रीती यांची लहानशी प्रार्थना करावी, अशी चाल त्यांनी आपल्या घरांत घातली. छापखान्यातील यंत्राचा खडखडाट, स्वयंपाकघरातील धांदल, अभ्यासिकेतील शांतता, सर्वत्र तो टोला पोहोचत असे. गणितशिक्षकाने दिवसाचे तुकडे पाडले ते असे, देवासाठी.

त्यांच्या हयातीतच ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ मेडलिंग येथे, सायलेशियात नाइसे येथे व इतरत्र संघाची मोठी घरे झाली. मिशनरी १८८९ साली आर्जेन्टिनास, १८९६ साली न्यू गिनीस व १९०७ साली जपानला पोहोचले. १९०६ साली त्यांच्या संघातील फादर विल्हेल्म श्मिड्ट यांनी निरनिराळ्या मानवसमाजांचा व भाषांचा अभ्यास करणारे 'आन्थ्रोपोस' हे नियतकालिक काढले. ज्या लोकांत काम करावयाचे त्यांची भाषा, गाणी व चालीरीती मन लावून समजून घ्याव्यात, ही संघाची एक मोठी परंपरा होऊन बसली.

१९०८ सालच्या उत्तरार्धात त्यांना पक्षाघाताचा झटका आला, आणि ता. १५ जानेवारी १९०९ रोजी स्टाइल येथे त्यांनी प्राण देवाच्या स्वाधीन केला. संघस्थापनेला शंभर वर्षे झाली त्या १९७५ साली, ता. १९ ऑक्टोबर रोजी, पोप पॉल सहावे यांनी त्यांना व फादर फ्राइनाडेमेट्स यांना धन्यवादित म्हणून घोषित केले. ता. ५ ऑक्टोबर २००३ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्या दोघांना संतमालिकेत दाखल केले. पाठविणारा व पाठविलेला, दोघे एकाच दिवशी वेदीचा मान पावले! संत आर्नोल्ड यांचा सण ता. १५ जानेवारीस येतो.

आपल्या देशात

फादर आर्नोल्ड यांच्या हयातीत त्यांचा संघ भारतात आला नव्हता. मुंबई-पुणे मिशनवर १८५४ पासून जर्मन येशूसंघीय धर्मगुरू काम करीत होते. देवशब्द संघाचे धर्मगुरू १९३२ साली आले व त्यांना इंदूरचा मुलूख सोपविण्यात आला. त्यांच्या मागोमाग पवित्र आत्म्याच्या सेविकाही आल्या. नर्मदेच्या खोऱ्यातील गरीब वस्त्यांत व झाबुआकडील भिल्लांत त्यांनी शाळा व दवाखाने चालविले. त्यांपैकी फादर स्टीफन फुक्स यांनी निमाडातील बलाही लोकांचा व मध्य भारतातील आदिवासींचा बारकाईने अभ्यास केला आणि १९५० साली एक संशोधनसंस्था स्थापन केली. ती पुढे मुंबईत अंधेरी येथे इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन कल्चर या नावाने प्रसिद्धीस आली. त्याच अंधेरीतील होली स्पिरिट हॉस्पिटलात पवित्र आत्म्याच्या सेविका रोग्यांची सेवा करीत आल्या आहेत. पुण्यातही संघाची विद्यालये व अभ्यासगृहे आहेत. आज सुमारे सहा हजार धर्मगुरू व बंधू सत्तरांहून अधिक देशांत काम करीत आहेत, आणि त्यांपैकी पुष्कळसे युरोपीय नसून आशियातील आहेत. ज्यांच्याकडे पूर्वी मिशनरी पाठविले जात, तेच आता मिशनरी पाठवीत आहेत.

आपणासाठी बोध

वाचकहो, या चरित्राचा आपल्या महोत्सवाशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध असा आहे. पन्नास वर्षांपूर्वी आपल्या देवळाचा पाया घातला गेला तेव्हाही हाती पैसा नव्हता, तेव्हाही काहीजण हसले असतील आणि काहीजण अर्ध्यावर सोडून गेले असतील. ज्यांनी तरीही विटा वाहिल्या त्यांचे आपण आज उतराई होऊ पाहतो. परंतु उतराई केवळ मंडप, रोषणाई व मेजवानीने होत नाही.

आम्ही आपला धर्मगुरू या नात्याने एक खंत येथे उघडपणे सांगतो. अलीकडे आमच्याकडे येऊन आपल्या मुलासाठी नोकरीच्या शिफारसपत्राची मागणी करणारे आईबाप पुष्कळ आहेत. आपला मुलगा वा मुलगी देवाला द्यावी काय, हे विचारावयास येणारे मात्र क्वचितच येतात. काळ अनुकूल नाही, कुटुंबे लहान झाली, खर्च वाढले, अशी कारणे आम्ही ऐकतो. आणि ती खोटी आहेत असे आम्ही म्हणत नाही. परंतु १८७५ सालीही काळ अनुकूल नव्हता. बिशप तुरुंगात होते, मठ ओस पडत होते, आणि नदीकाठच्या एका पडक्या खाणावळीत एक अबोल शिक्षक गुडघे टेकून बसला होता. सगळी परिस्थिती नीट होईल तेव्हा देऊ असे तो म्हणत राहता, तर शांतुंगमध्ये कोण गेले असते, आणि इंदुरास कोण आले असते?

प्रत्येकाने परदेशी जावे असे देव सांगत नाही. संत आर्नोल्ड स्वतः गेले नाहीत. मदर मारिया हेलेना यांना जाता आले नाही. एकाने मासिक छापले, दुसरीने भांडी घासली, तिसरीने पवित्र साक्रामेंतासमोर जागरण केले, आणि चौथा गेला. या चारांपैकी एक तरी काम आपल्या घरातून व्हावे. सायंकाळी जपमाळ म्हणताना एक दशक मिशनकार्यासाठी म्हणावे, महोत्सवाच्या वर्गणीतील काही भाग एखाद्या गरीब मिशनकेंद्राला धाडावा, आणि आपल्या मुलाने वा मुलीने धर्मजीवनाचा विषय काढला तर त्याला हसून टाळू नये. एवढे जरी घडले तरी आपला सुवर्णमहोत्सव सार्थ झाला असे आम्ही समजू.

देहधारी देवशब्द आपल्या धर्मग्रामावर आपली कृपादृष्टी ठेवो, पवित्र आत्मा आपल्या तरुणांच्या अंतःकरणात धैर्य ओतो, आणि संत आर्नोल्ड यांच्या मध्यस्थीने पुढील पन्नास वर्षांत या लहानशा देवळातून कोणीतरी दूरच्या वाटेने निघो. आमेन.